तिसावा कप्पा

कालव्यावरचा पूल मागे पडला तरी भाऊजी गप्पच होते. बस आमच्या शेजारून गेली, मी आशेने थांब्याकडे बघितलं, ते मुद्दाम पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. माझी नवी चप्पल टाचेला लागत होती. शेवटी मीच तोंड उघडलं.

"भाऊजी, तुम्हाला चालायचंय, की पोचायचंच नाहीये?"

"दुसरंच असावं, वहिनी," ते म्हणाले आणि चालतच राहिले.

आम्ही निघालो होतो एका बाईंच्या घरी. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या त्या. आता दवाखान्याच्याच धुलाईत चादरींच्या घड्या घालतात. खिडकीवरून धुलाईत त्या गेल्या त्या भाऊजींच्या प्रोग्रामपायी, आणि हे त्यांना अजून माहीत नव्हतं. तेच सांगायला भाऊजी निघाले होते. मला सोबत घेतलं, कारण म्हणे, "तुम्ही असलात तर दार तरी उघडतील."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गल्लीतली पोरं त्यांना बटणकाका म्हणतात. नाव ठेवलं सासूबाईंनी. लहानपणी घरात बटण असलेली एक वस्तू यांनी धड ठेवली नाही. दाराच्या घंटीचं बटण उखडून सासूबाईंच्या पलंगाशी आणून बसवलं, आईला हाक मारायचा त्रास नको म्हणून. "आणि मग मी हाक मारली की हा यायचाच नाही," सासूबाई अजून सांगतात. "म्हणायचा, बटण दाब. दाबलं की पळत यायचा. दाराशी पाहुणे बोंबलत उभे, त्याचं याला काही नाही."

मोठे झाल्यावर त्याच नादाचा त्यांनी धंदा केला. मागच्या खोलीत एक टेबल, त्यावर संगणक, खिडकीला कायमचा ओढलेला पडदा. शाळेची घंटा वेळेवर वाजवणारा प्रोग्राम, दवाखान्यातल्या रांगेचे नंबर पुकारणारा प्रोग्राम, असली कामं. लग्नाचं कुणी काढलं की म्हणतात, "एवढा प्रोग्राम संपू दे." पंधरा वर्षं तोच संपतोय. येणाऱ्यासाठी खोलीत एक खुर्ची आहे, पण तिच्यावर जुन्या कीबोर्डांची चळत. ऑफिसं टाकून देतात ते हे उचलून आणतात. त्यामुळे त्यांच्याकडे आलेला माणूस दारातच उभा राहून बोलतो आणि दारातूनच परत जातो.

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. माझं सगळं शिक्षण मराठीतून, संगणकाशी संबंध मुलांची हजेरी भरण्यापुरता. तरी भाऊजींना मला समजावून सांगायला आवडतं. त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, न कळता "हं हं" करतात. मी सरळ सांगते, कळलं नाही.

कीबोर्डचं त्यांनी मला असंच सांगितलं होतं. आपल्याला वाटतं, कळ दाबली की अक्षर थेट पडद्यावर जातं. तसं नसतं. संगणक आधी प्रोग्रामला निरोप धाडतो, अमुक कळ दाबली म्हणून. निरोपासोबत एक आकडा असतो. दिसायला एकच, पण त्याच्या आत बत्तीस कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक नाहीतर शून्य. जागा वाया जाऊ नये म्हणून निरनिराळी माहिती त्या एकाच आकड्यात कोंबलेली. सुरुवातीच्या सोळा कप्प्यांत निरोप किती दाबांचा आहे ते, पुढच्या आठांत कळीची बोर्डावरची जागा. मग काही एकेकटे कप्पे. सोबत ऑल्टची कळ धरली आहे का, याचा एक. ही कळ आधीपासूनच खाली होती का, याचा एक. आणि अगदी टोकाचा, कळ दाबली की सोडली, याचा.

"मग त्यातलं हवं तेवढंच कसं बघता?" मी विचारलं होतं.

"बाकीचं झाकायचं."

मला हसू आलं. वाचताना ओळ सोडून उड्या मारणाऱ्या मुलांना मी पुठ्ठ्याला खिडकी कापून देते. खिडकी ओळीवर ठेवायची, बाकीचं पान झाकलं जातं. ते सांगितल्यावर भाऊजींनी टेबलावर थाप मारली. "वहिनी, हेच! याला आम्ही मास्क म्हणतो. खिडकी जागेवर बसली की काम झालं."

"आणि चुकीच्या ओळीवर बसली तर?"

"तर मूल चुकीची ओळ अगदी बरोबर वाचेल," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्या हसण्याची आठवण कालव्याच्या काठाने चालताना मला नको झाली होती.

दवाखान्यासाठी त्यांनी केला होता टायपिंगच्या परीक्षेचा प्रोग्राम. वर उतारा दिसायचा. बरोबर अक्षर दाबलं की खूण पुढे सरकायची. चुकीचं दाबलं तर पडद्यावर काही दिसायचं नाही, उमेदवार गडबडू नये म्हणून. चूक आत गुपचूप मोजली जायची आणि शेवटी एकदम आकडा यायचा. खिडकीवर कायम व्हायचं तर ही परीक्षा पास व्हायला हवी. त्या बाई दोनदा बसल्या, दोनदा नापास झाल्या. दुसऱ्यांदा झाल्यावर पत्ता शोधत आमच्या घरी आल्या.

मी पुढच्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत होते. त्या भाऊजींच्या दारात उभ्या. बोलताना उजव्या हाताचं मधलं बोट दुसऱ्या हातात धरून ठेवलेलं.

"साहेब, माझं हे बोट उशिरा उठतं. दारात सापडलं होतं, सांधा आखडलाय. पण चुकीची कळ मी दाबलेली नाही. थोड्याबहुत चुका असत्या तर म्हटलं असतं माझ्याच. पण एवढ्या? मी काय डोळे मिटून बसले होते?"

भाऊजींनी खुर्चीतूनच मान वळवली. "बाई, मशीनला कुणाशी वैर नसतं. तुम्ही दाबलं ते त्याने मोजलं. सराव वाढवा थोडा."

बाईंनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. खुर्चीवरच्या कीबोर्डांकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि गेल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सासूबाईंना हौस आली की माझ्या नणंदेला पत्र आपण स्वतः टाइप करून पाठवायचं. भाऊजींनी गंमत म्हणून त्यांना परीक्षेच्या प्रोग्रामसमोर बसवलं. सासूबाई कळ दाबतात ती घंटी दाबल्यासारखी, दार उघडेपर्यंत. एक ओळ झाली. आकडा आला. भाऊजी खो-खो हसत सुटले, "आई, दोनशेच्या वर चुका!"

"मेल्या, ओळीत तेवढी अक्षरं तरी आहेत का?" सासूबाई उखडल्या. "चुका करायलाही वेळ लागतो!"

भाऊजींचं हसू तिथेच थांबलं. "बघतो," एवढंच म्हणाले आणि पडदा ओढून बसले. जेवायला आले नाहीत. त्यांचं ते नेहमीचंच, म्हणून मी ताट झाकून ठेवलं आणि विषय माझ्या डोक्यातून गेला.

काल जेवताना त्यांनी आम्हाला सांगितलं. कळ धरून ठेवली की संगणक निरोप पाठवतच राहतो, दाबली, दाबली, दाबली. ते पुढचे निरोप मोजायचे नसतात. त्यासाठीच 'आधीपासून खाली होती का' हा कप्पा बघायचा. भाऊजींनी तो बघितलाही होता. माहितीच्या पुस्तकात त्या कप्प्याचा क्रमांक तीस लिहिलाय.

"पण आमच्यात मोजणी शून्यापासून असते," ते म्हणाले. "पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य. मी त्या दिवशी एकपासून मोजत गेलो आणि तिसाव्या कप्प्यावर थांबलो. तो निघाला ऑल्टचा. हवा होता तो त्याच्या एक घर पुढे."

टायपिंगच्या परीक्षेत ऑल्टला कुणी हात लावत नाही. तो कप्पा नेहमी शून्य. प्रोग्रामने शून्य बघायचं आणि समजायचं, कळ आधी खाली नव्हती, हा नवाच दाब. ज्याचं बोट चटकन उठतं त्याचं काही बिघडलं नाही. ज्याचं रेंगाळतं त्याची बरोबर दाबलेली कळसुद्धा पुढच्या अक्षराची चूक म्हणून मोजली गेली, पुन्हा पुन्हा.

"टोकाचा कप्पा बरोबर धरलात की," मी म्हटलं.

"तो टोकालाच आहे. तो कुठे चुकणार?"

"दुरुस्त केलंस ना?" हे म्हणाले. "मग झालं."

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले.

सकाळी ते एकटेच दवाखान्याच्या ऑफिसात जाऊन आले. दुपारी मला म्हणाले, "शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर याल का?" पत्ता त्यांनी ऑफिसातून आणला होता. म्हणून हे चालणं.

गोदामांची लांब भिंत सुरू झाली तशी मला वाटलं, त्यांना जरा बोलतं करावं. म्हटलं, "एका घराची तर चूक. माझी मुलं बेरजेत रोज करतात."

"तुमच्या मुलांच्या बेरजेने कुणी धुलाईत जात नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या देवाला विचारा वहिनी, तो कुठून मोजतो. एकपासून की शून्यापासून?"

"देवाचं मला ठाऊक नाही. मी एकपासून शिकवते."

"म्हणूनच चुकलो."

"माझ्या वर्गात नव्हतात तुम्ही. उगाच माझ्या माथी मारू नका."

ते हसले, पण अर्धंच. मग भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, दम लागला.

"काल मी सगळं नाही सांगितलं," ते म्हणाले. "आईने ती ओळ कधी टाइप केली, आठवतं?"

"सुट्टी नुकतीच लागली होती." मी बोलले आणि मग माझ्या लक्षात आलं. शाळा सुरू होऊन माझ्या वर्गाची पहिली चाचणीसुद्धा झाली होती.

"त्याच दिवशी सापडलं. त्याच दिवशी दुरुस्त केलं. एका आकड्याचा फरक. ज्या ज्या ऑफिसांनी प्रोग्राम घेतलाय त्या सगळ्यांना नवी प्रत पाठवली. सोबत लिहिलं, किरकोळ सुधारणा."

"आणि त्या बाई?"

"म्हटलं, पुढच्या वेळी नव्या प्रतीवर बसतील, आपोआप पास होतील. कुणाला काही कळायलाच नको." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पुढची वेळ नव्हतीच त्यांना. सकाळी मुख्य कारकुनांनी सांगितलं. दोनदा नापास झालं की ऑफिस विचारतं, धुलाईत कायम होता की घरी जाता. त्यांनी धुलाईवर सही करून दिली. कधी केली विचारा."

मी विचारलं नाही.

"मी गप्प होतो त्या दिवसांत," ते म्हणाले. "सुट्टीतच बोललो असतो तर सहीच झाली नसती. पहिली चूक चूक होती, वहिनी. प्रोग्रामात त्या ओळीशेजारी मी टीपसुद्धा लिहून ठेवली होती, धरलेली कळ मोजू नये. हेतू चांगला होता, म्हणून परत तपासलंच नाही. पण हे दुसरं? याला काय म्हणायचं?"

मला शब्द सापडला होता, पण मी तो उच्चारला नाही. त्यांनाही तो माहीत होता.

ऑफिसात त्यांनी लेखी दिलं होतं, चूक प्रोग्रामची, उमेदवाराची नाही. मुख्य कारकून म्हणाले, वर पाठवतो, वरचे काय म्हणतील ते म्हणतील. आणि तुमचा प्रोग्राम आजपासून बंद. बाकीच्या ऑफिसांनाही भाऊजींनी तेच कळवलं होतं. उद्यापासून मागच्या खोलीत काम असेल की नाही, कुणास ठाऊक. त्याबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत.

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालले. मागायचं काय, तेच ठरेना. बाई घरी नसोत असं एक मन म्हणत होतं. त्या मनाची मला लाज वाटली.

बाई घरी होत्या. दुकानांच्या रांगेमागे तळमजल्यावर दोन खोल्या, दारात दोरीवर कपडे. त्यांनी आधी मला बघितलं, मग माझ्यामागे भाऊजींना. "परीक्षेवाले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. नुसती ओळख होती, एखाद्या आजाराची असावी तशी.

आत आलो. एकुलत्या खुर्चीवर धुतलेले कपडे होते. बाईंनी बोलायच्या आधी ते उचलले, पलंगावर टाकले. "बसा."

भाऊजी खुर्चीकडे बघत राहिले आणि बसले नाहीत. शेवटी मी बसले, टाच फार दुखत होती म्हणून.

टेबलावर एक कीबोर्ड होता. नुसता कीबोर्ड, संगणक नाही. वायर अर्धी कापलेली, मधल्या कळांवरची अक्षरं पुसून गेलेली. आणि बाईंच्या मधल्या बोटाला रबर बांधलेलं होतं, मनगटावरच्या पट्टीपर्यंत ताणून. बोट खाली दाबलं की रबराने ते वर ओढलं जावं. माझी नजर तिथे गेलेली बघून त्या म्हणाल्या, "सराव वाढवा म्हणाले होते ना. आता उपयोग नाही, पण सवय लागलीय."

भाऊजींनी सांगितलं. कप्पे वगैरे काही काढलं नाही. म्हणाले, तुम्ही कळा बरोबर दाबल्या होत्या, माझ्या प्रोग्रामने त्या चुकीच्या मोजल्या, ती चूक माझी. मग तिथे न थांबता पुढचंही सांगितलं. सुट्टीपासून माहीत होतं तेही, आणि पत्रात काय लिहिलं तेही. एकदा आवाज चिरकला, तेव्हा थांबले आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा बोलले.

बाईंनी विचारलं, "म्हणजे माझं बोट?"

"उशिरा उठतं. पण दाबतं बरोबर."

त्यांनी मनगटावरची पट्टी सोडली. रबर काढायला वेळ लागला, खालची कातडी लाल झाली होती. ते रबर त्यांनी टेबलावर ठेवलं, कीबोर्डाच्या शेजारी.

"किरकोळ म्हणून लिहिलंत?"

"हो."

"मी सही करत होते तेव्हा तुमचं किरकोळ चाललं होतं."

मी तोंड उघडलं होतं. आमचे भाऊजी मनाने वाईट नाहीत, असलं काहीतरी जिभेवर आलं होतं. पण ते ऐकून त्या बाईंचं काय भलं होणार होतं? मी तोंड मिटलं.

"खिडकीवर माणसं येतात," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "नाव सांगतात, काय दुखतं ते सांगतात, कुणी भांडतंसुद्धा. धुलाईत नुसत्या चादरी येतात. दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नाही, ताई. घरी येऊन मीच या बोटाला शिव्या द्यायचे. तेवढंच बोलणं."

भाऊजी म्हणाले, "मी लेखी दिलंय. वरून परवानगी आली तर पुन्हा परीक्षा घेतील, दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रामवर. आली नाही तर मी स्वतः वरच्यांकडे जाईन."

"दुसरा प्रोग्राम बरोबर मोजतो, हे कोण बघणार?"

"मी बघेन."

"तुम्ही नाही." त्या पहिल्यांदा त्यांच्याकडे वळल्या. "मी बघणार. आधी एक ओळ मी टाइप करणार, बोट जेवढं रेंगाळायचं तेवढं रेंगाळू देणार. चुका किती येतात ते मी मोजणार. तुम्ही समोर उभं राहायचं. मी बस म्हणेपर्यंत."

"राहतो," भाऊजी म्हणाले.

त्यांनी आम्हाला पाणी दिलं. निघताना मला थांबवलं, कापसाचा बोळा आणून दिला, "टाचेखाली घाला, सोलवटली असेल." भाऊजींना काहीच म्हणाल्या नाहीत. दार मात्र आपटलं नाही, हळूच लोटलं.

परतताना बस आली तेव्हा भाऊजींनीच हात केला. शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर माणूस हलका होतो, तसे ते होतील. तसं काही झालं नाही. गोदामांची भिंत खिडकीतून उलटी सरकत होती आणि ते आपल्या बोटांकडे बघत बसले होते, चटकन उठणाऱ्या, धडधाकट.

पूल आला तेव्हा म्हणाले, "त्यांनी काही विचारायच्या आधीच खुर्ची रिकामी केली. बघितलंत ना?"

"बघितलं."

"आपल्याकडे आल्या तेव्हा किती वेळ उभ्या होत्या?"

"तुम्ही बोलत होतात तेवढा वेळ."

त्यांनी मान डोलावली. बरंच पुढे गेल्यावर, आमचा थांबा दिसायला लागला तेव्हा, माझ्याकडे वळले.

"वहिनी, एक काम कराल माझं?"

मला वाटलं, देवाजवळ काही मागायला सांगतील. मी हो म्हटलं.

"माझ्या खोलीतल्या खुर्चीवरचे कीबोर्ड तुम्ही उचला. मी नको. मी उचलले तर परवा पुन्हा ठेवीन, माझं मला माहितीये. आणि ठेवताना दिसलो की हातातून काढून घ्या. काम आहे म्हणेन, घाई आहे म्हणेन, ऐकू नका."